तुटत्या ताऱ्यांचं गाव

नागपुरातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. एवढ्या काळात मला निरुत्तर करणारा प्रश्न एकदाच आला, आणि तो वर्गात आला नाही. रेल्वेच्या छोट्या लाईनीवर बोरटोलीचं फाटक आहे, तिथल्या फाटकवालीने तो विचारला. त्यांचं नाव प्रयागबाई रंगारी. त्यांची हकिगत मी बरीचशी त्यांच्याच तोंडून, तुकड्यातुकड्याने ऐकली. पुढची थोडी डोळ्यांनी पाहिली.

बोरटोली शहराच्या पूर्वेच्या टोकाला. इतवारीहून निघालेली छोटी गाडी कुहीकडे जाताना या वस्तीला वळसा घालते. फाटकाला लागून एका खोलीचं क्वार्टर, पुढे कडुनिंब, पलीकडे तुरीचं रान. वस्तीत ऐंशी-पंच्याऐंशी घरं. कोणी लाकडाच्या टालीवर, कोणी वीटभट्टीवर, कोणी गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहायला.

प्रयागबाई तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा, छप्पन साली, वडिलांनी त्यांना धम्मदीक्षेच्या मैदानावर नेलं होतं. गर्दीत पायातली चप्पल हरवली तेवढं त्यांना आठवत होतं, आणि घरी परत येताना वडील म्हणाले ते: "आता आपण कशालेच भ्याचं नाही. समजून घ्याचं." चौथी शिकलेल्या मुलीने ते वाक्य जसंच्या तसं मनावर घेतलं. लग्न होऊन त्या बोरटोलीच्या फाटकावर आल्या. नवरा बळीराम फाटकवाला, सासू तुळसाबाई, आणि पुढे एक मुलगी, सुभद्रा.

सहासष्टच्या डिसेंबरात बळीरामला ताप आला. उतरेना. रजा मागितली तर पगार कापला जाईल म्हणून तो रोज सांगायचा, "आज बरं वाटते," आणि संध्याकाळी अंगात हुडहुडी भरून पडायचा. मग प्रयागबाई त्याचा कोट अंगावर चढवून फाटकावर उभ्या राहायच्या. पंधरा दिवस त्यांनी असं केलं. गाडीच्या वेळा, बत्तीचा हिरवा-लाल रंग, फाटकाची साखळी, सगळं त्यांना पाठ होतं.

तेरा तारखेच्या रात्री आठची गाडी गेली. फाटक उघडून त्या तिथेच दगडावर बसल्या. वर पाहिलं तर एक तारा तुटला. मग दुसरा. मग एकदम दोन. बाराची मालगाडी जाईपर्यंत त्यांनी साठाच्या वर मोजले. घाबरायच्या ऐवजी त्यांना मौज वाटली. पाणी न्यायला आलेल्या शेजारणीलाही त्यांनी बोलावून दाखवलं. शेजारीण पदराने डोळे झाकून पळाली.

सकाळी बळीरामला श्वास घेता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

दहा दिवसांच्या आत साऱ्या टोलीत झालं, की नवरा मरायला टेकला असताना प्रयाग तुटते तारे मोजत बसली होती. तारा तुटला की माणूस जातो. पाहू नये, बोट दाखवू नये, दिसलाच तर थुंकून मान खाली घालावी. हिने तर साठ मोजले. तुळसाबाईंनी छाती बडवून तेच म्हटलं.

"आपण दीक्षा घेतली ना वं मामी," प्रयागबाई म्हणाल्या.

"आपण घेतली. ताऱ्याईनं नाही घेतली," सासू म्हणाली.

हे सांगताना प्रयागबाई हसायच्या. तेव्हा मात्र त्या हसल्या नव्हत्या. मनात कुठेतरी त्यांनाही खुट्ट झालं होतं. "सर, मले रात्री वाटे का खरंच माह्यानं झालं का," असं त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

नवऱ्याच्या जागी त्यांना नोकरी मिळणार होती. साहेबांनी विचारलं, स्टेशनवर पाणी भरायचं काम देऊ का. त्या म्हणाल्या, फाटक द्या. साहेब म्हणाले, "बाई, रात्रपाळीत एकटी बाई फाटकावर कशी राहील?"

"नवरा तापात होता तवा पंधरा दिवस फाटक कोनं लावलं, रजिस्टर पाहून सांगा," प्रयागबाई म्हणाल्या. "एक मिनिट चुकलं असन तर पानी भरतो."

हे असं कबूल करणं म्हणजे नियमभंगाची स्वतःच तक्रार करणं होतं. साहेबांनी रजिस्टर मागवलं, पाहिलं, मिटलं. सात महिन्यांनी बोरटोलीचं फाटक त्यांच्या नावावर झालं. रात्रपाळी त्यांची, दिवसपाळी गोविंदा नावाच्या दुसऱ्या माणसाची.

सदुसष्टची तेरा डिसेंबर आली. बळीरामला वर्ष होत होतं. सासू म्हणाली, आज दार लावून घरात बस. प्रयागबाईंची तर ड्यूटीच होती. पण ड्यूटी नसती तरी त्या बाहेर बसल्या असत्या. आभाळात चंद्र पिठासारखा सांडला होता, तरीही तारे तुटले. कमी तुटले, अठरा-वीस, पण तुटले.

"मंग मी म्हटलं," त्या मला सांगत होत्या, "बळीराम काही दोनदा मरू शकत नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या मनातलं ते खुट्ट होणं गेलं आणि त्याच्या जागी राग आला. वर्षभर टोलीने त्यांच्याशी ज्या नजरेने व्यवहार केला होता, लग्नाकार्यात हळद लावायला हाक मारली नव्हती, पोरीला कोणी कडेवर घेतलं नव्हतं, त्या सगळ्याचा राग. त्यांनी ठरवलं, हे तारे कुठून येतात ते पाहायचंच.

साधन होतं लाल झेंड्याची काठी. तारा तुटला की डोळ्यासमोर ती काठी त्याच्या वाटेवर आडवी धरायची, आणि तो जिकडून आला त्या बाजूला नजर मागे मागे न्यायची. कोणी उत्तरेला पळायचा, कोणी डोक्यावरून मावळतीला, कोणी खाली इतवारीच्या दिव्यांकडे. पण काठी मागे नेली की ती दरवेळी एकाच ठिकाणी जाऊन टेकायची. पूर्वेला तिकांडं उगवतं, त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या, त्यांच्या डावीकडे खाली दोन सारख्या चांदण्या शेजारी शेजारी येतात. त्यांतल्या वरच्या चांदणीपाशी. दरसाल तीच तारीख, तीच जागा. रात्र चढली की त्या दोन चांदण्या वर सरकायच्या, आणि ती जागाही त्यांच्यासोबत वर सरकायची.

"म्हणजे सारे एकाच गावचे," त्या म्हणायच्या. "आन गाव आभाळातलंच. बोरटोलीतल्या कोनाच्या छपराशी त्याहीचं काही लेनंदेनं नाही."

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे त्या दरसालचा आकडा लिहून ठेवत. सदुसष्ट, सत्तर आणि त्र्याहत्तर साली कमी दिसले, कारण त्या रात्री चंद्र होता, हेही त्यांनीच लिहिलं होतं. नोव्हेंबरात, पहाटेच्या आधी, विळ्याच्या आकाराच्या चांदण्यांतून थोडे येतात, त्यांचं गाव वेगळं, हेही.

माझी आणि त्यांची ओळख चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत झाली. बोरटोलीच्या पुढे माझ्या वडिलांची थोडी संत्र्याची बाग होती. आठवड्यातून दोनदा मी स्कूटरवर त्या फाटकातून जायचो. दोन वर्षं जात होतो, फाटक बंद असलं की स्कूटरवर बसल्या बसल्या पेपर तपासायचो, पण त्या घरी कधी घोटभर पाणी मागितलं नव्हतं. का नव्हतं मागितलं, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या दिवशी गोविंदा रजेवर होता, त्यामुळे दिवसाही प्रयागबाईच फाटकावर होत्या. मालगाडी लांबली. फाटकवाली माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमी कालेजात शिकवता ना? काय शिकवता?"

"फिजिक्स. म्हणजे पदार्थविज्ञान."

"त्यात तारे येतात का?"

"येतात थोडे."

"मंग तेरा डिसेंबरचे तारे त्या दोन चांदण्याईतून काहून निघतात, ते सांगा."

 त्यांनी ती सात-आठ कॅलेंडरची पानं आणून दाखवली. मी म्हणालो, "बाई, त्या दोन चांदण्या म्हणजे पुनर्वसू नक्षत्र."

"पावसाचं पुनर्वसू? ज्याच्यात धानाचा रोवना करतात थो?"

"तेच. आणि हे तारे नसतात. धुळीचे, वाळूचे कण असतात. पृथ्वी फिरता फिरता त्यांच्या वाटेत जाते, दरसाल त्याच तारखेला. ते हवेत शिरले की जळतात."

"थे ठीक. पण एकाच जागेतून काहून?"

"तसं नुसतं दिसतं. खरं म्हणजे ते सगळे एकमेकांना समांतर येत असतात. एका ठिकाणाहून निघत नाहीत."

हे त्यांना पटलं नाही. सात वर्षं काठी धरून पाहिलेली गोष्ट मी एका वाक्यात खोटी ठरवत होतो. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि वळून लाईनीकडे पाहिलं. इतवारीच्या दिशेला रूळ सरळ जातात, दूरवर दोन्ही मिळून एक रेघ होते. त्या रेघेच्या टोकावर मालगाडीच्या इंजिनाचा धूर दिसू लागला होता.

"या रुळासारखं?" त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. 

"रूळ काही तिकडं जुळले नाहीत. माह्या नवऱ्यानं दोन सालं गँगमध्ये काम केलं, तो सांगे, सारीकडं अंतर सारखंच. जवळ येतात तसे फाकल्यासारखे दिसतात. मंग तारेबी असेच. सरळ आपल्याकडं येऊन राहिले, म्हणून फाकलेले दिसतात."

वर्गात हे समजवायला मला फळ्यावर दोन आकृत्या आणि अर्धा तास लागायचा. मी म्हणालो, "अगदी बरोबर. हे शोधून काढायला मोठमोठ्या लोकांना वेळ लागला. सव्वाशे-दीडशे वर्षांपासून पुस्तकात आहे."

हे मी कौतुकाने म्हटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र कठीण झाला.

"दीडशे वर्षं?"

"हो."

"मंग आमाले काहून नाही सांगितलं?"

गाडी आली, खडखडत गेली. त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गार्डाने दाखवला. फाटक उघडलं. मी स्कूटरला किक मारली नाही.

"माहा नवरा मेला सहासष्टले," त्या म्हणाल्या. "सात सालं झाले, मी या टोलीत डोळ्यात खुपतो. माही पोरगी शाळेत एकटी बसते. आन तुमाले ठाऊक होतं. पुस्तकात होतं. तुमी याच रस्त्यानं जाता. मंग सांगितलं काहून नाही कोनं?"

 घरी माझी आई तुटता तारा दिसला की "राम राम" म्हणून खिडकी लावून घ्यायची. मी एम.एस्सी. झालेला मुलगा, तिला एका शब्दाने बोललो नव्हतो. तिच्या भावना कशाला दुखवा, असं स्वतःला सांगायचो. खरं कारण एवढंच, की मला त्याचा काही त्रास होत नव्हता.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहा घेतला. हे धुळीचे पट्टे बहुतेक धूमकेतूंच्या मागे पडलेले असतात, पण डिसेंबरच्या या ताऱ्यांचा धूमकेतू अजून कोणाला सापडलेला नाही, असंही मी सांगितलं.

"म्हणजे तुमालेबी सारं ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोड्या हसल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टोलीत पुन्हा तेच सुरू झालं. शालिकराम नावाचा टालीवर काम करणारा तरुण. त्याचं लग्न होऊन वर्ष झालेलं. बायको पुष्पलता एकोणीस वर्षांची, कुहीकडची, पोटात पाच महिन्यांचं. एका संध्याकाळी ती अंगणात भांडी घासत असताना आभाळातून मोठा तारा तुटला, इतका की भिंतीवर उजेड पडला. "अबब, पाहा जी," म्हणून तिने बोट दाखवलं. दोन दिवसांनी सासरा गेला. म्हातारा सहा महिने रक्त ओकत होता, ते कोणाला आठवलं नाही. बोट मात्र सगळ्यांना आठवलं. टोलीत आनंदरावांचा शब्द चालायचा. किराण्याचं दुकान, पंचात बसणारा माणूस. ते म्हणाले, बाळंतपण होईतो पोरीला माहेरी ठेवा, पुढचं पुढे पाहू. पुढचं काय, ते कोणी विचारलं नाही. सासू कांताबाईंनी गाठोडं बांधून दिलं. शालिकराम खाली मान घालून बसला.

गाडी थांबते त्या हॉल्टवर जायची वाट फाटकातूनच जाते. पहाटेच्या अंधारात पुष्पलता गाठोडं घेऊन एकटी येताना प्रयागबाईंनी पाहिली आणि विचारलं, "कोठी चालली वं?"

तिने रडत रडत सांगितलं. प्रयागबाईंनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि क्वार्टरात नेऊन ठेवलं.

"गाडी सुटन माही," पुष्पलता म्हणाली.

"सुटू दे. आज गेली तं साऱ्या जन्मात हेच म्हनतीन का पापीन होती म्हणून गेली. तू माह्याजवळ राय."

सकाळी आनंदराव आले, मागे दहा-बारा माणसं. तुळसाबाई दारात बसल्या होत्या. सासू-सुनेचं आयुष्यभर पटलं नाही, पण त्या दिवशी म्हातारी दारातून उठली नाही, आणि आनंदरावांना आत शिरता आलं नाही.

"प्रयागबाई, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत तुमी पडू नका," आनंदराव म्हणाले.

"पडली मी. तेरा डिसेंबरले रात्री नऊ वाजता साऱ्याईनं इथं यावं. तुरीच्या रानात बसाचं. मी तारे तोडून दाखवतो."

"तेरा तारखेले अवस आहे."

"म्हणून तं म्हनतो. अवसेले चांगले दिसतीन."

अमावास्येच्या रात्री, तुटते तारे पाहायला, एका विधवेने बोलावलं होतं. टोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. मला त्यांनी निरोप धाडला होता, "तुमीबी या. पण बोलाचं मी."

मी गेलो. थंडी कडाक्याची होती. मला वाटलं होतं चार-पाच जण असतील. पन्नासेक माणसं जमली होती, गोधड्या पांघरून, एकमेकांना खेटून. निम्मी माणसं प्रयागबाईंची फजिती पाहायला आली असावीत. आनंदराव सगळ्यांत मागे खुर्ची टाकून बसले होते. कांताबाईही आल्या होत्या, तोंड फिरवून. पोरांनी काटक्या गोळा केल्या तर प्रयागबाईंनी शेकोटी पेटवू दिली नाही. "उजेडानं डोळे आंधळे होतात. थंडी सोसा थोडी."

मग त्यांनी एक टोपली मध्ये ठेवली आणि लाईनीच्या कडेची मूठमूठ गिट्टी, म्हणजे रुळाखालची खडी, सगळ्यांना वाटली. म्हणाल्या, "तारा दिसला का ज्यानं पहिले पाहिला त्यानं एक गोटा टोपलीत टाकाचा. आन पाहा, कोठून निघते. थ्या दोन चांदण्या, तिकांड्याच्या डावीकडं. तिथून नाही निघाला तं मले सांगा."

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मागून कोणीतरी खोकलं, कोणी हसलं.  आभाळ कधी वेळापत्रक पाळतं का, असं माझ्या मनात येत होतं. प्रयागबाई बत्ती घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या, वरही पाहत नव्हत्या.

मग पुनर्वसूपासून एक पांढरी रेघ निघाली आणि थेट आमच्या डोक्यावरून पश्चिमेला गेली. पन्नास माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. पण गोटा टाकायला कोणाचा हात उठला नाही. तारा पाहिला असं कबूल कोण करणार? शेवटी क्वार्टराच्या दारातून पुष्पलता उठली, पोट सावरत चालत आली आणि टोपलीत गोटा टाकला. मग दुसरा तारा. मग तिसरा. एका पोराने टाकला, मग एका म्हातारीने. तासाभरात लोक भांडू लागले, "मी पहिले पाहिला, तू नाही." दहा वाजता मालगाडी आली. प्रयागबाईंनी फाटक लावलं, बत्ती दाखवली. इतवारीकडून इंजिनाचा दिवा एका टिंबासारखा निघाला आणि मोठा होत अंगावर आला. त्यांनी ओरडून सांगितलं, "पाहा, रूळ तिकडं जुळले दिसतात का नाही? जुळले असते तं गाडी आली असती का? तारेबी तसेच, नुसते दिसतात एका जागचे." किती जणांना कळलं, सांगता येत नाही. पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

साडेअकराला त्यांनी टोपली उचलली आणि माझ्यासमोर मोजायला लावली. चौऱ्याण्णव गोटे निघाले.

"टोलीत किती माणसं हायत, आनंदरावजी?" त्यांनी विचारलं.

"चारशे असतीन," ते नाइलाजाने म्हणाले.

"एक तारा, एक माणूस. असंच ना? मंग या आठवड्यात चौऱ्याण्णव मेले पाहिजे. पुष्पलतानं एकाकडं बोट दाखवलं होतं. आज साऱ्याईनं दाखवलं. आता कोनाकोनाले माहेरी धाडता?"

 लोक उठले आणि गोधड्या ओढत घरी गेले.

मी पुढचे दिवस धाकधुकीत काढले. चारशे माणसांत, थंडीच्या दिवसांत, एक तरी म्हातारा जाणारच, हे गणित मला कळत होतं. ते त्यांनाही कळत होतं. चौथ्या दिवशी लहानूबाबा गेला. ऐंशी वर्षांचा, दम्याने अंथरुणाला खिळलेला. त्याच संध्याकाळी मी फाटकावर होतो. आनंदराव आले, सोबत वीस-पंचवीस जण.

"गेला लहानू," ते म्हणाले. "आता बोला."

प्रयागबाई आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. त्या टोपली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एक गोटा काढला आणि कडुनिंबाखाली ठेवला.

"हा लहानूबाबाचा. मी मानतो." मग टोपली आनंदरावांच्या पायाशी ठेवली. "हे राहिले त्र्याण्णव. घ्या. टोलीत फिरा, आन ज्याचा ज्याचा असन त्याच्या त्याच्या दारात ठेवून या. कोनाच्या दारात ठेवता ते मले दाखवा फक्त."

आनंदरावांनी टोपलीकडे पाहिलं. मागच्या माणसांनी पाहिलं. त्यांतला जो तो मनात आपलंच दार पाहत असावा. गोटा उचलायला कोणी वाकलं नाही. "चाला गा," म्हणत मागची माणसं एकेक करून पांगली. शेवटी आनंदराव एकटे उरले. "तोंड लय चालते तुमचं," एवढं बोलून तेही गेले.

कांताबाई मात्र थांबल्या होत्या. पुष्पलतेसमोर जाऊन त्या म्हणाल्या, "चाल घरी. भाकरी टाकून आली मी." पुष्पलता उठली नाही. प्रयागबाईंकडे पाहू लागली.

"अशी नाही येनार ती," प्रयागबाई म्हणाल्या. "ज्यानं जाऊ दिलं थो येईन न्याले."

दुसऱ्या दिवशी शालिकराम आला. फाटकाजवळ घुटमळला. प्रयागबाईंनी त्याला भर रस्त्यात, बैलगाड्या थांबलेल्या असताना विचारलं, "काहून आला गा?"

"बायकोले न्याले."

"मोठ्यानं बोल."

त्याने मोठ्याने सांगितलं. मार्चमध्ये पुष्पलतेला मुलगी झाली.

सगळं गोड झालं असं नाही. आनंदराव त्या दिवसापासून मरेपर्यंत प्रयागबाईंशी बोलले नाहीत. कोणीतरी वर अर्ज केला, की फाटकवाली रात्री लाईनीजवळ गर्दी जमवते. चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, गर्दी होती का. "होती." गिट्टी उचलली का? "उचलली. मोजून परत टाकली." फाटक उशिरा लागलं का? "रजिस्टर पाहा." फाटक वेळेवर लागलं होतं. पुन्हा असं करू नये, अशी लेखी ताकीद मिळाली. त्यांनी खाली पूर्ण नाव लिहून सही केली. पुढच्या डिसेंबरात त्यांनी लोकांना रेल्वेच्या हद्दीच्या दगडापलीकडे बसवलं, आणि गिट्टीऐवजी तुरीचे दाणे वाटले.

मी घरी आईला गच्चीवर घेऊन गेलो. ती फार वेळ बसली नाही, पण खिडकी लावणं तिने सोडलं. वर्गात मी उल्कावर्षाव शिकवताना आकृती काढणं बंद केलं. मुलांना सांगायचो, इतवारीहून छोट्या गाडीच्या रुळावर जाऊन उभे राहा, आणि मग घरी जाऊन आजीला सांगा. काही मुलं हसायची. हसू द्यायचो.

ब्याऐंशी साली प्रयागबाईंची बदली कामठीच्या बाजूला, मोठ्या लाईनीवरच्या एका फाटकावर झाली. तुळसाबाई तोवर गेल्या होत्या. सुभद्रा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होती. नवीन ठिकाणी कोणी ओळखीचं नव्हतं. तिथल्या वस्तीतही तेच ऐकायला मिळालं, तारा तुटला की माणूस जातो. त्यांनी घरोघरी जाऊन तेरा डिसेंबरचं आमंत्रण दिलं. लोकांनी दारं लावून घेतली. एकाने तर सांगितलं, रेल्वेची बाई आहे, डोक्यावर परिणाम झाला असेल.

मी गेलो तेव्हा फाटकाजवळच्या उघड्या जागेत चटई अंथरलेली होती. तिच्यावर कापडाच्या लूमवर काम करणारी एक बाई आणि तिचा म्हातारा बाप, एवढेच बसले होते. म्हातारा परत जायच्या बेतात होता.

"दोघंच?" मी म्हणालो.

"बोरटोलीत पहिल्या सालात मी एकटी होती," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांनी मेलगाडीला हिरवी बत्ती दाखवली, फाटक उघडलं आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या. "बाबाजी, तिकडं नाही, इकडं तोंड करा. पूर्वेले. आता निघतीन."